निहाली: ध्वनी शेजाऱ्यांसारखे, शब्द कुणासारखेच नाहीत

#थ्रेड #भाषेचा_इतिहास #बुलढाणा

१/ बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुका आहे. दक्षिणेला पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे, उत्तरेला डोंगर आणि त्यापलीकडे मध्य प्रदेश. या एका तालुक्यात पाण्याला निदान तीन नावे आहेत. वऱ्हाडी बोलणारा शेतकरी 'पानी' म्हणतो. डोंगरातला कोरकू 'डा' म्हणतो. आणि जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा मोजक्या गावांत राहणारे निहाल लोक 'जोप्पो' म्हणतात.

२/ 'पानी' हा शब्द संस्कृत 'पानीय'पर्यंत मागे नेता येतो. 'डा'चे भाऊबंद झारखंडात आणि त्याहीपुढे आग्नेय आशियात सापडतात. 'जोप्पो'चा मात्र जगातल्या कोणत्याही भाषेत खात्रीलायक नातलग आजवर मिळालेला नाही. ही निहाली भाषा. तिचे भाषक स्वतःच्या बोलीला 'कल्टो' असेही म्हणतात. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार.

'नातलग नाही' हे विधान करायला अभ्यासकांना शंभराहून अधिक वर्षे लागली. शब्द ऐकायला वेगळा वाटतो, एवढ्याने ते सिद्ध होत नाही. त्यासाठी भाषेतले ध्वनी कसे ओळखतात, ते कसे बदलतात आणि त्या बदलांतून नाते कसे वाचतात, हे आधी पाहावे लागते. सुदैवाने त्यासाठी बुलढाणा जिल्ह्याबाहेर फारसे जावे लागत नाही.

३/ प्रारंभ तोंडापासून. फुप्फुसातून निघालेली हवा कंठातून वर येते, जीभ आणि ओठ तिला कुठेतरी अडवतात किंवा अरुंद वाटेने सोडतात, आणि ध्वनी निर्माण होतो. भारतीयांना हे फार प्राचीन काळापासून ठाऊक होते. वेदपठण शुद्ध राहावे म्हणून शिक्षाग्रंथ आणि प्रातिशाख्ये रचली गेली, आणि त्यांत प्रत्येक वर्णाचे स्थान व प्रयत्न नोंदवले गेले. शाळेत पाठ केलेली बाराखडीची फळी हे त्याच विद्येचे फलित. क-वर्ग घशाशी, च-वर्ग टाळूपाशी, ट-वर्ग मूर्धेवर, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांवर. अडथळ्याची जागा मागून पुढे सरकत येते. प्रत्येक वर्गात आधी अघोष, मग घोष, मध्ये महाप्राण, शेवटी अनुनासिक. एखाद्या वैज्ञानिकाने आखलेल्या तक्त्यासारखीच ही मांडणी आहे.

४/ परंतु तोंडातून निघणारा प्रत्येक वेगळा ध्वनी भाषेत वेगळा मोजला जात नाही. हा आधुनिक भाषाशास्त्रातील पायाभूत विचार. मराठीतील अनुस्वार घ्यावा. 'आंघोळ', 'पंच', 'घंटा', 'संत', 'आंबा' हे पाच शब्द सावकाश उच्चारले की टिंबाच्या जागी पाच निरनिराळे अनुनासिक ऐकू येतात. पुढचे व्यंजन जिथले, अनुनासिकही तिथलेच. बोलणाऱ्याला हा फरक जाणवत नाही, कारण त्याला निवड करावीच लागत नाही आणि त्याने अर्थही बदलत नाही.

आता 'मन' आणि 'मण' हे शब्द घ्यावेत. इथे न आणि ण यांच्यातील फरकावर सगळा अर्थ तोलला आहे: एक आत असते, दुसरे तराजूवर. असा अर्थभेद करणाऱ्या ध्वनीच्या एककाला 'स्वनिम' म्हणतात, आणि प्रत्यक्ष उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनीला 'स्वन'.

५/ एका भाषेत स्वनिम असलेला ध्वनी शेजारच्या बोलीत तसा असेलच असे नाही. प्रमाण मराठीत न आणि ण वेगळे. वऱ्हाडीत बहुतेक ठिकाणी ण उरलेलाच नाही. 'कोण'चे 'कोन', 'पाणी'चे 'पानी'. हा उच्चारातला आळस नव्हे. त्या बोलीची ध्वनिव्यवस्थाच वेगळी आहे, आणि तिच्यात ही जोडी विलीन झाली आहे. 'अशुद्ध' हा शिक्का मारून मोकळे होणाऱ्यांना हे कळले असते, तर वऱ्हाडी मुलांचे शाळेतले पुष्कळ अपमान वाचले असते.

६/ उलट, लिपी झाकून ठेवते असेही भेद असतात. 'चार गाई' यातला चार आणि 'गाईला चार' यातला चार लिहायला एकच. पहिल्यात जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात ती दातांकडे सरकते, जशी 'चारा' म्हणताना सरकते. 'जरा थांब' यातला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा यांतही हाच भेद. देवनागरीने या दोन्ही जोड्यांना एकेकच अक्षर दिले आहे. मराठी माणूस वाचताना चुकत नाही, कारण भाषा त्याला आधीच येते. परक्या माणसाला हे अक्षर फसवते. हा मुद्दा निहालीपाशी पुन्हा येणार आहे.

७/ आता बदल. बुलढाणा जिल्ह्याचे लोक 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' असे दोन भाग करतात. घाटाखाली, खामगाव-शेगाव-जळगावच्या पट्ट्यात, जुन्या पिढीच्या तोंडी ळ चा य झालेला ऐकू येतो. डोळा 'डोया', काळा 'काया', सकाळ 'सकाय', फळ 'फय'. अकोल्याकडे आणि खानदेशाकडेही हेच. हा बदल मनमानी आहे की नियमाने चालतो?

८/ उत्तर एका साध्या वाक्खंडात आहे. प्रमाण मराठीतले 'काल सकाळी' या बोलीत 'काल सकायी' होते. 'सकाळ'मधला ळ बदलला, 'काल'मधला ल जागचा हलला नाही. याचे कारण दीड-दोन हजार वर्षे जुने आहे.

संस्कृतात दोन स्वरांच्या मध्ये एकटा ल होता, तिथे मराठीत ळ आला: फल–फळ, कमल–कमळ, काल (समय)–काळ. जिथे प्राकृतात जोडाक्षरी ल्ल होता, तिथे मराठीत साधा ल राहिला: गल्ल–गाल, फुल्ल–फूल. 'तैल' प्राकृतात 'तेल्ल' झाले, म्हणून मराठीत 'तेळ' न होता 'तेल' झाले. 'कल्य'चे 'कल्ल' झाले, म्हणून आदल्या दिवसाला 'काल'. आणि त्यातून मराठीला 'काळ' व 'काल' ही जोडी मिळाली.

पुढे वऱ्हाडीने फक्त ळ ला हात लावला. म्हणून 'फळ'चे 'फय' झाले, पण 'फूल'चे 'फूय' कुणी म्हणत नाही. 'गाल' गालच राहिला. घाटाखालचा निरक्षर म्हातारा संस्कृत एकेरी ल आणि प्राकृत दुहेरी ल्ल यांतला भेद रोज अचूक पाळतो, आणि त्याला त्याची कल्पनाही नसते. ध्वनिबदल शब्दागणिक लहरीने होत नाही, तो ध्वनीला धरून, एका ओळीने होतो, याहून सुरेख पुरावा शोधायला लांब जायचे कारण नाही.

९/ हा नियम युरोपात १९ व्या शतकात हळूहळू उमगला. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम एक असावा असे सांगितले. पण ते निरीक्षण होते, पद्धत नव्हती. पद्धत आली ती डेन्मार्कचे रास्मुस रास्क आणि जर्मनीचे याकोब ग्रिम यांच्याकडून. ग्रिम यांनी १८२२ मध्ये दाखवले की संस्कृत-लॅटिनमध्ये जिथे प, तिथे जर्मानिक भाषांत फ येतो: पितृ–फादर, पद–फूट, पञ्च–फाइव्ह. १८७० च्या दशकात लाइपझिगच्या तरुण व्याकरणकारांनी तर ध्वनिनियमांना अपवाद नसतो अशी घोषणाच केली. अपवाद दिसला तर आणखी एखादा नियम शोधायचा राहिला आहे असे समजावे. घोषणा थोडी अतिरेकी होती, पण तिने शिस्त लावली.

याच शिस्तीने फ्रेंच पंडित ज्यूल ब्लॉक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीच्या घडणीवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि पुढे त्याचा मराठी अनुवादही झाला. मराठीत या शास्त्राची सुबोध ओळख ना. गो. कालेलकर यांच्या 'ध्वनिविचार'ने करून दिली.

१०/ शिस्त कशासाठी, हे जिल्ह्यातल्या दोन गावांच्या नावांवरून कळते. लोणार: इथल्या सरोवराचे पाणी खारट, आणि 'लवण'चे 'लोण' होणे नियमात बसते. शब्दातला 'अव' मराठीत 'ओ' होतो याची इतरही उदाहरणे आहेत: अवलंब–ओळंबा, नवनीत–लोणी. नियमाला साक्षीदार आहेत.

बुलढाणा: हे नाव 'भिलठाणा'वरून, म्हणजे भिल्लांच्या ठाण्यावरून आले असावे असे गॅझेटियर सांगते. शक्य आहे. पण इथे भ चा ब, इ चा उ आणि ठ चा ढ असे तीन बदल एकाच शब्दात मानावे लागतात, आणि तसेच एकत्र बदललेले दुसरे शब्द कुणी पुढे करत नाही. त्यामुळे लोणारची व्युत्पत्ती पायावर उभी आहे आणि बुलढाण्याची तर्कावर. इतिहासप्रेमींनी गावांच्या नावांच्या व्युत्पत्त्या पुढे पाठवताना एवढा भेद तरी करावा.

११/ नुसते साम्य किती फसवे असते याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फारसी 'बद', जो मराठीत 'बदनाम'मध्ये आहे, आणि इंग्रजी 'बॅड'. उच्चार जवळचा, अर्थ एकच, आणि नाते शून्य. दोन भाषांत हजारो शब्द आणि मोजके ध्वनी असतात. चार-दोन शब्द योगायोगाने जुळणारच.

१२/ आता डोंगराकडे. जळगाव जामोद–संग्रामपूरचा डोंगरी भाग आणि लगतचे मेळघाट हा कोरकूंचा मुलूख. कोरकूत डोळा म्हणजे 'मेद', नाक 'मू', हात 'ती', कान 'लुतुर', अग्नी 'सिंगेल', पाणी 'डा'. शेकडो मैल पूर्वेला, झारखंडच्या संथाळीत डोळा 'मेत', नाक 'मू', हात 'ती', कान 'लुतुर', अग्नी 'सेंगेल', पाणी 'दाक'. आणि समुद्रापलीकडे व्हिएतनामीत डोळा 'मात', नाक 'मूय', हात 'ताय'.

एखादा शब्द जुळला असता तर योगायोग म्हणता आले असते. शरीराच्या अवयवांची अख्खी रांग जुळते, आणि ध्वनींचे फरकही ठराविक रीतीने पडतात. १९५९ मध्ये हाइन्झ-युर्गेन पिनो यांनी या मुंडा भाषांच्या ध्वनींचा इतिहास सविस्तर मांडला. कोरकू ही त्या ऑस्ट्रोआशियाई कुळाची सर्वांत पश्चिमेकडील शाखा. वऱ्हाडच्या कडेला बसून ती व्हिएतनामशी नाते सांगते.

१३/ निहालींची घरे याच कोरकूंच्या शेजारी, बहुधा त्यांच्या आश्रयाने आणि सामाजिक उतरंडीत त्यांच्या खाली. ब्रिटिश काळातील लेखनात त्यांच्याविषयी आदराने लिहिलेले क्वचितच आढळते. १९१६ च्या रसेल आणि हिरालाल यांच्या जातीजमातींवरील ग्रंथात त्यांना भिल्ल व कोरकू यांच्या मिश्रणातून झालेली वन्य जमात ठरवले आहे. लोक मिश्र, तर भाषाही मिश्र, असा सरळसोट हिशेब त्या काळी सोयीचा होता.

१४/ भाषेची नोंद त्याआधीच झाली होती. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया'चे काम १८९४ मध्ये सुरू झाले. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा त्या-त्या भाषेत उतरवून घ्यायची, आणि सोबत शब्दांची ठराविक यादी भरून पाठवायची, अशी पद्धत. काम सरकारी अधिकाऱ्यांमार्फत चाले. ऐकणारा कान भाषाशास्त्रज्ञाचा असेलच असे नव्हते.

मुंडा व द्राविडी भाषांचा चौथा खंड नॉर्वेचे स्टेन कोनो यांनी संपादिला आणि तो १९०६ मध्ये निघाला. त्यात निमाडच्या बाजूची 'नहाली' आली. कोनो यांना तिच्यात कोरकू, द्राविडी आणि आर्य असे सगळे थर दिसले. मुळात ती कोरकूसारखी मुंडा भाषा, जी पुढे इतरांच्या दबावाखाली बदलत गेली, असा त्यांचा कल होता. (जळगाव तालुका त्या काळी बुलढाण्यात नव्हताच. खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्यातून काढून १९०५ मध्ये बुलढाण्याला जोडले गेले.)

१५/ 'मिश्र' म्हणून निकालात काढलेल्या फायलीत काहीतरी उरते आहे, हे १९४० मध्ये रॉबर्ट शेफर यांनी दाखवले: कोरकूचे शब्द बाजूला काढले, द्राविडी काढले, आर्य काढले, तरी तळाशी एक साठा राहतो, आणि तो कुठेच बसत नाही. मात्र त्यांच्या हाती सामग्री होती ती जुन्या सर्वेक्षणाचीच. नवी सामग्री सुधीभूषण भट्टाचार्य यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केली, आज बुऱ्हाणपूर जिल्ह्यात असलेल्या टेंभी गावाकडची. तिच्या आधारे डच पंडित एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ मध्ये तुलनात्मक अभ्यास लिहिला. त्यांच्या मोजणीत शब्दांचा सर्वांत मोठा वाटा कोरकू-मुंडा वळणाचा निघाला, काही द्राविडी, काही आर्य; आणि सुमारे एक चतुर्थांश शब्दांना कुठेच जोड मिळाली नाही.

१६/ ते एक चतुर्थांश शब्द कोणते, यात खरे मर्म आहे. उसने शब्द सहसा बाजारातून, राज्यकारभारातून, नव्या वस्तूंसोबत येतात. 'टेबल' उसने घेतले जाते. 'नाक' सहसा नाही. निहालीत पाणी 'जोप्पो', अग्नी 'आपो', डोळा 'जिकी', नाक 'चोन', हात 'बोक्को'. 'मी' म्हणजे 'जो', 'तू' म्हणजे 'ने'. कोरकूच्या 'डा, सिंगेल, मेद, मू, ती' या रांगेशेजारी ही रांग ठेवली की दोन घरे वेगळी आहेत हे दिसते.

आकड्यांत मात्र शेजार उघडा पडतो. एक म्हणजे 'बिडी' किंवा 'बिडुम', त्यांचे स्वतःचे. दोन 'इरार', तीन 'मोथो', चार 'नालो': हे द्राविडी वळणाचे, कन्नडमधील 'एरडु, मूरु, नाल्कु' यांचे दूरचे सोबती. त्यापुढची मोजणी आर्य भाषांकडून आलेली. मोजणे हा व्यवहार आहे, आणि व्यवहार ज्याच्याशी, आकडे त्याचे.

१७/ आता प्रश्न असा की निहालीचे ध्वनी ऐकून ती परकी वाटते का? मुळीच नाही. पाच स्वर: अ-आ, इ, उ, ए, ओ या जातीचे, आणि ऱ्हस्व-दीर्घ भेदाने अर्थ बदलतो. तीसहून अधिक व्यंजने, त्यांत ट-ड सारखी मूर्धन्यही. वाटेने जाणाऱ्याला ती बोली कोरकू किंवा निमाडीच्या पठडीतली वाटावी.

इथे कुळाच्या शोधातला एक मोठा गैरसमज दूर होतो. ध्वनींचा संच शेजाऱ्यांकडून मिळू शकतो. ट-ठ-ड-ढ सारखे मूर्धन्य ध्वनी मराठीत आहेत, तेलुगूत आहेत, कोरकूत आहेत. तिन्ही भाषा तीन वेगळ्या कुळांतल्या. शतकानुशतके एकत्र राहून, एकमेकांच्या भाषा बोलून भारतातल्या भाषांचे उच्चार एका वळणाला आले. १९५६ मध्ये मरे एमेनो यांनी यालाच उद्देशून भारत हा एक 'भाषिक प्रदेश' आहे असे म्हटले. भाषा एकसारख्या ऐकू येणे हा शेजाराचा पुरावा आहे. रक्ताच्या नात्याचा पुरावा मूळ शब्दांतल्या नियमित ध्वनिसंबंधांत शोधावा लागतो, आणि निहाली तिथेच गप्प राहते.

१८/ तरी निहालीची ध्वनिव्यवस्था एक महत्त्वाची गोष्ट सांगते. ख, घ, थ, भ असे महाप्राण तिच्यात आहेत, पण अल्पप्राणांच्या मानाने कमी आढळतात. अनुनासिक स्वर विरळ, आणि ते बहुधा उसन्या शब्दांत. म्हणजे शब्द कोणता ध्वनी अंगावर घेऊन आला आहे, यावरून तो घरचा की पाहुणा याचा अंदाज बांधता येतो. मराठीतही हेच चालते: 'ऑ' दिसला की शब्द इंग्रजीतून आलेला, ऋ दिसला की संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला. इतिहासाची कागदपत्रे नसलेल्या समाजात असे थरच दफ्तराचे काम करतात.

१९/ या भाषेवर एक आरोपही झाला. निहाली ही खरी भाषा नसून इतरांपासून बोलणे लपवण्यासाठी बनवलेली गुप्त बोली असावी, अशी शंका खुद्द कायपर यांनी उपस्थित केली होती. समाजाच्या माथी चोरीचा कलंक मारलेला होताच. शंका त्याला शोभून दिसली.

मराठीत गुप्त बोलींचा नमुना उपलब्ध आहे. व्यापारी-दलालांच्या नंदभाषेत एक म्हणजे 'केवली', दोन म्हणजे 'आवारू'. मुले शब्दांत 'च' घुसवून बोलतात, तोही तसाच प्रकार. अशा बोलींत शब्द बदलतात, पण क्रियापदे चालतात मराठीच्याच प्रत्ययांनी, आणि बोलणाऱ्याच्या घरी दुसरी, खरी मातृभाषा असते. निहाली मुले आईच्या कुशीत जी भाषा शिकतात ती हीच. तिला स्वतःचे प्रत्यय आहेत, स्वतःची सर्वनामे आहेत, आणि 'जोप्पो'ला उलटसुलट करून कोरकूचा 'डा' काही केल्या निघत नाही. गुप्त बोलीचा तर्क आज फारसा टिकत नाही. कोरकूंसमोर निहाली दडवून बोलली जात असेल, पण दडवण्याजोगी भाषा आधी होती.

२०/ जळगाव जामोदच्या निहालीवर पुढचे मोलाचे काम पुण्याहून झाले. आशा मुंडले यांनी निहालींमध्ये जाऊन शब्द गोळा केले आणि १९९६ मध्ये 'मदर टंग' या नियतकालिकात निहालीचा शब्दसंग्रह व या लोकांविषयीचा लेख प्रसिद्ध केला. त्याच सुमारास काही अभ्यासकांनी तिचे नाते नेपाळच्या कुसुंडाशी, पार जपानच्या ऐनूशीही लावून पाहिले. दूरच्या भाषांतून सारखे वाटणारे शब्द निघाले. नियम निघाला नाही. 'बद' आणि 'बॅड'चा धडा इथेही लागू पडतो. २०१४ मध्ये डेक्कन कॉलेजचे के. एस. नागराज यांचे व्याकरण, संहिता व शब्दसंग्रह असे पुस्तक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने काढले. हुंझा खोऱ्यातील बुरुशस्की, नेपाळातील कुसुंडा यांच्या पंक्तीला, एकाकी भाषा म्हणून, निहालीची गणना आता सर्वमान्य होत आली आहे.

२१/ सरकारी कागदावर मात्र ती नाही. १९७१ पासून भारताच्या जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची नावे छापली जात नाहीत. २०११ च्या यादीत १२१ भाषा आहेत. दोन-अडीच हजारांची निहाली त्यात येणे शक्यच नाही. तिचे भाषक 'इतर' या रकान्यात जमा. मुले शाळेत मराठी शिकतात, बाजारात वऱ्हाडी-हिंदी बोलतात, डोंगरात कोरकू. एका निहाली माणसाला तीन-चार भाषा येणे नेहमीचेच, आणि त्यांतल्या एकीवाचूनच त्याचे काम अडत नाही: ती निहाली.

२२/ तिला स्वतःची लिपी नाही. लिहायची तर देवनागरीत, आणि तिथे 'चार गाई, गाईला चार' हा जुना घोळ पुन्हा उभा राहतो. शिवाय गावोगावी फरक आहे. जामोद–सोनबर्डीकडची निहाली आणि कुवरदेव–चालठाण्याकडची निहाली यांत भेद असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे; एवढ्याशा भाषेला दोन बोली. 'जोप्पो'सारख्या शब्दाच्या शेवटी येणारा ओ हा शब्दाच्या मधल्या ओ पेक्षा तोंड थोडे अधिक उघडून उच्चारला जातो. अर्थ त्याने बदलत नाही, म्हणून स्वनिमांच्या तक्त्यात त्याला वेगळी जागा नाही आणि देवनागरीतही त्याला वेगळी मात्रा नाही. वर या थ्रेडमध्ये हा शब्द जितक्या वेळा आला, तितक्या वेळा तो ओ लिहिताना हुकलाच आहे. सोनबर्डीत तो अजून ऐकता येतो.